बदक का रडतंय?

प्रोकोफिएव्हच्या 'पीटर अँड द वुल्फ'चं निवेदन मी मराठीत आणलं, तेव्हा एका जागी लबाडी केली. मूळ गोष्टीत लांडगा बदकाला गिळतो. मी त्या बदकाला झाडाच्या ढोलीत लपवलं. ऐकणारी मुलं पाच ते दहा वयाची होती, आणि मारामारी जरा बेतानंच असू द्या, असं दोघा पालकांनी आधीच सुचवलं होतं. एका वाक्याचा तर बदल, कुणाला कळणार, असं मी मनाशी म्हटलं. तो कळला. एका आठ वर्षांच्या मुलीला कळला, आणि तोही माझ्या वाचनातल्या कुठल्या चुकीमुळे नव्हे, ओबोमुळे.

हैदराबादेत काही मराठी कुटुंबं दर रविवारी मुलांना एकत्र जमवतात. वाचन, गोष्टी, थोडं लेखन, असं साधं स्वरूप असतं. तिथं मी ही रचना ऐकवायचं ठरवलं. निवेदनाशिवायचं एक ध्वनिमुद्रण मिळालं होतं. ते थांबवत थांबवत मधे मी मराठी मजकूर वाचायचा, अशी योजना होती. बदक ढोलीत सुखरूप लपलं, असं मी वाचलं आणि संगीत पुढे चालू केलं. ओबोवर बदकाची धून आली, पण संथ, मोडलेली, जवळपास कण्हल्यासारखी. ती मुलगी म्हणाली, "मावशी, बदक लपलंय ना? मग ते रडतंय का?"

मी काहीतरी उत्तर दिलं. घाबरलंय म्हणून, असं काहीसं. तिला ते पटलं नाही. शेवटी मिरवणूक निघते आणि ती धून पुन्हा एकदा हळूच ऐकू येते. तोवर माझ्या संहितेत बदक ढोलीतून बाहेर येऊन सगळ्यांबरोबर चालूही लागलं होतं. ती पुन्हा म्हणाली, "मग सगळ्यांपेक्षा त्याचाच आवाज एवढा हळू कसा?"

गेली अठरा वर्षं मी अनुवाद करते आहे. अनुवादातली चूक वाचकाला सहसा सापडत नाही, कारण मूळ पुस्तक त्याच्या हातात नसतं, किंवा असलं तरी त्याला ती भाषा येत नसते. इथं मूळ आणि अनुवाद एकाच खोलीत, एकाच वेळी ऐकू येत होते. आणि त्या मुलीला मूळ भाषा येत होती. मुलांना संगीताची ओळख करून देणाऱ्या रचनांकडे मी तोवर 'सोपं करून सांगितलेलं संगीत' म्हणून पाहत होते. त्या दोन प्रश्नांनंतर मला हा सगळाच प्रकार नव्यानं वाचावा, खरं तर नव्यानं ऐकावा लागला.

ही रचना १९३६च्या वसंतात मॉस्कोत झाली. मुलांच्या रंगभूमीवर काम करणाऱ्या नतालिया सात्स यांनी ती प्रोकोफिएव्हकडे मागितली होती. त्याआधी प्रोकोफिएव्ह कुटुंबाला घेऊन त्यांच्या नाट्यगृहात जात असत, त्यातून ओळख झाली होती. मुलांना वाद्यवृंदातली वाद्यं ऐकून ओळखता यावीत, एवढाच हेतू. सात्स यांनी निवेदनासाठी एका कवयित्रीकडून यमकबद्ध मजकूर लिहून घेतला होता. प्रोकोफिएव्हला तो रुचला नाही, म्हणून त्यांनी गोष्ट स्वतःच गद्यात लिहिली. संगीतही झपाट्यानं, काही दिवसांत झालं. २ मे १९३६ रोजी पहिला प्रयोग झाला आणि त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. पुढे सात्स स्वतः निवेदनाला उभ्या राहिल्या, तेव्हा मुलांनी रचना उचलून धरली. ही बारीकशी नोंद मला महत्त्वाची वाटते. संगीत तेच होतं, शब्दही तेच होते, बदलला तो सांगणारा माणूस.

योजना सर्वांना ठाऊक आहे. पक्ष्याला बासरी, बदकाला ओबो, मांजराला खालच्या सुरांतली क्लॅरिनेट, आजोबांना बसून, लांडग्याला तीन हॉर्न, पेत्याला तंतुवाद्यं, आणि शिकाऱ्यांच्या बंदुकांना टिंपनी व मोठा ढोल. प्रयोगाआधी मुलांना ही वाद्यं दाखवावीत आणि प्रत्येकाची धून वाजवून दाखवावी, अशी सूचना प्रोकोफिएव्हनं स्वरलिपीतच दिली आहे. म्हणजे गोष्ट सुरू होण्याआधी पात्रपरिचय व्हावा, तोही आवाजातून.

अनुवादकाची पंचाईत या पात्रपरिचयापासूनच सुरू होते. ओबोला मराठीत काय म्हणावं? पहिल्यांदा सुचतं ते सनई. चूकही म्हणता येणार नाही, कारण दोन्हींचा आवाज ओठांत धरलेल्या पत्तीतून निघतो आणि दोन्ही एकाच दूरच्या कुळातली आहेत. पण 'सनई' म्हटलं की मराठी कानात मांडव उभा राहतो. अक्षता, चौघडा, पहाटेचं देऊळ. बदक गिळलं जातं त्या जागी सनई रडू लागली तर मुलांना नाही, पण त्यांच्या आयांना मुलीची पाठवणी आठवेल. हॉर्नला तुतारी म्हटलं तर आणखीनच घोटाळा. आमच्याकडे तुतारी पाहुण्यांच्या स्वागताला वाजते, शिवजयंतीला वाजते. तीन तुताऱ्यांच्या गजरात लांडगा आला तर मुलं टाळ्या वाजवतील. 'रणशिंग' म्हणावं तर ते फुंकणारा शूर असतो.

पण या चुकीच्या शब्दानंच मला प्रोकोफिएव्हची एक गंमत दाखवली. युरोपीय संगीतात हॉर्न हे वाद्य मुळात शिकारीचं आहे. रानात एकमेकांना हाक देण्यासाठी शिकारी ते फुंकत, आणि वाद्यवृंदात आल्यावरही त्याच्याभोवती रानाचा आणि मृगयेचा वास राहिला. प्रोकोफिएव्हनं ते शिकाऱ्यांना दिलं नाही, लांडग्याला दिलं. शिकाऱ्यांच्या वाट्याला येतात त्या काहीशा ऐटीत टाकलेल्या पावलांच्या धुना आणि रिकामा धडाम्-धुडूम्. ज्याची शिकार व्हायची त्याच्याच तोंडी शिकारीचं वाद्य! हा विनोद १९३६मधल्या मॉस्कोच्या मुलांना कळला नसेल, हैदराबादच्या मुलांनाही कळला नाही. पण लांडगा दिमाखदार का वाटतो आणि शिकारी थोडे बावळट का वाटतात, हे दोन्हीकडच्या मुलांना न सांगता कळतं.

एकाच जागी मराठी शब्द अगदी चपखल बसला. टिंपनीला मी 'नगारे' म्हटलं. ही मी घेतलेली सवलत नाही, तो इतिहासच आहे. युरोपातले हे ढोल पश्चिम आशियातल्या नगाऱ्यांवरूनच तिकडे गेले. बाकी ओबो, बसून, हॉर्न मी तसेच ठेवले. बासरीला बासरी म्हटलं, पण ती धातूची असते हे सांगितलं. क्लॅरिनेट मुलांच्या आजोबांना ठाऊक होती, 'क्लॅरोनेट' म्हणून, वरातीच्या बँडमधली.

इथं 'ओळख करून देणं' या शब्दाबद्दलही थोडं बोललं पाहिजे. ही वाद्यं आमच्या मुलांना अनोळखी आहेत असं आपण गृहीत धरतो. ते खरं नाही. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेले कित्येक वादक गेल्या शतकात मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत आले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्यांनी हिंदी चित्रपटगीतांमागचा वाद्यवृंद उभा केला. त्यामुळे भारतातल्या कुठल्याही भाषेतल्या मुलाच्या कानावरून हे आवाज गेलेले असतात. त्यांना नाव नसतं, इतकंच. प्रोकोफिएव्हची रचना ऐकवून आपण मुलांना नवे आवाज देत नाही, आधीच कानात असलेल्या आवाजांकडे वळून पाहायला लावतो.

यानंतर लिंगाचा प्रश्न येतो, आणि बहुभाषक वाचकाला तो रंजक वाटेल. रशियनमध्ये पक्षी, बदक आणि मांजर या तिन्हींचे शब्द स्त्रीलिंगी आहेत, लांडगा पुल्लिंगी. हिंदीत गंमत म्हणजे हीच विभागणी हुबेहूब सापडते : चिड़िया, बत्तख़, बिल्ली, आणि समोर भेड़िया. त्यामुळे हिंदी अनुवादात मूळचा ताण आयताच उतरतो. सगळं भक्ष्य बायकी आणि भक्षक पुरुष. बांगलात क्रियापदाला आणि सर्वनामाला लिंगच नाही, तिथं हा ताण निघून जातो. तेलुगूत पक्षी, बदक, मांजर आणि लांडगा सगळेच 'अदि'. डिस्नेच्या १९४६च्या चित्रपटात बदक सोनिया झालं आणि मांजर इव्हान नावाचा बोका.

मराठीत आणखी तिसरंच काही होतं. ते पाखरू, ते बदक, ते मांजर. आणि ते पोर, ते लेकरू, ते पिल्लूही. आमचं नपुंसकलिंग निर्जीव वस्तूंपुरतं नाही, लहानग्यांचंही आहे. मी मुद्दाम 'पक्षी' टाळून 'पाखरू' घेतलं. आता गोष्टीत जे जे लहान आणि खाल्लं जाण्यासारखं आहे ते सगळं 'ते' झालं. पुल्लिंगी राहिले लांडगा आणि शिकारी, आणि आदरार्थी बहुवचनात आजोबा. रशियनमधला स्त्री-पुरुष ताण मराठीत लहान-मोठ्यांचा झाला. हे मूळात नाही, पण मूळाच्या विरुद्धही नाही. मुलं ऐकत होती ती गोष्ट याच बाजूनं. त्या मुलीनं 'ते रडतंय का' असं विचारलं, तेव्हा त्या 'ते'मध्ये बदकाबरोबर कुणीतरी लहान भावंडही होतं, असं मला अजून वाटतं.

नायकाचं नाव मी पीटर न ठेवता पेत्या ठेवलं. माझ्या पिढीतल्या मराठी मुलांना पेत्या, साशा, मीशा ही नावं परकी नव्हती. मॉस्कोत छापलेली गुळगुळीत कागदाची मराठी पुस्तकं लोकवाङ्मय गृहाच्या दुकानातून आमच्या घरांत येत असत. त्या पुस्तकांतल्या मुलांच्या गळ्यात लाल रुमाल असायचा. रशियन संहितेत पेत्याही असाच 'पायोनियर' आहे. पहिल्याच वाक्यात तो शब्द येतो, आणि पुढे आजोबा रागावतात तेव्हा पायोनियर काय लांडग्याला भितात, अशा थाटात तो बोलतो. इंग्रजीत रूढ झालेल्या निवेदनांत पायोनियर जाऊन नुसता शूर मुलगा उरला. मी तो शब्द परत आणायचा की नाही यावर बरेच दिवस घालवले. शेवटी आणला, आणि 'त्या देशातल्या शाळकरी मुलांचं पथक' एवढंच मुलांना सांगितलं.

मी तो परत आणला त्यामागे एक कारण आहे. जानेवारी १९३६मध्ये 'प्रावदा'नं शोस्ताकोविचच्या ऑपेरावर झोड उठवली होती. त्यानंतरच्या वसंतात एखादा संगीतकार मुलांसाठी साधं, सुरेल, गोष्टीरूप काही लिहितो, तेव्हा तो त्याच हवेत श्वास घेत असतो. पुढच्या वर्षी, १९३७मध्ये, नतालिया सात्स यांना अटक झाली. त्यांचे पती सरकारात मंत्री होते आणि तेही 'जनतेचे शत्रू' ठरवले गेले. सात्स यांनी पाच वर्षं बंदिवासात काढली, सुटल्यावर अल्मा-आतात मुलांचं नाट्यगृह उभं केलं, आणि साठच्या दशकात मॉस्कोत परत मुलांसाठी संगीत नाट्यगृह काढलं. म्हणून ही रचना म्हणजे एक सांकेतिक निषेध आहे, असं मला म्हणायचं नाही. तसं वाचणारे लांडग्यात कुणालाही पाहू शकतात, आणि मग ओबोकडे कुणाचं लक्ष राहत नाही. पण आज्ञाधारक मुलांच्या देशात एक मुलगा आजोबांचं न ऐकता फाटकाबाहेर जातो, आणि सगळ्या जयघोषाच्या शेवटी लांडग्याच्या पोटातून गिळलेल्या जिवाचा आवाज येत राहतो, हे त्या गोष्टीत आहे. बदक वाचवून मी तेवढंच काढून टाकलं होतं.

डिस्नेनंही बदक वाचवलं. १९३८मध्ये प्रोकोफिएव्ह अमेरिकेत असताना त्यांनी वॉल्ट डिस्नेला ही रचना पियानोवर वाजवून दाखवली होती. चित्रपटात सोनिया शेवटी झाडाच्या ढोलीतून सुखरूप बाहेर येते. माझी ढोली तिथूनच आली असणार. पण डिस्ने माझ्याहून हुशार निघाला. त्यानं सगळ्यांना आधी ती मेली असंच वाटू दिलं, म्हणून ओबोचं रडणं खोटं ठरलं नाही. ऐकणाऱ्याला त्यानं दुःख तरी करू दिलं. मी तेही करू दिलं नाही. सूर रडत असताना 'काही झालेलं नाही' असं सांगितलं. आपण मोठी माणसं घरात हे करतोच. आजारपण, भांडण, मरण, सगळ्यावर 'काही नाही, तू झोप'. मुलं शब्द ऐकतात आणि आवाजावर विश्वास ठेवतात.

आता या प्रकारावरचा मुख्य आक्षेप. तो लिओनार्ड बर्न्स्टाइननं सर्वांत ठामपणे मांडला. १८ जानेवारी १९५८ रोजी न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकच्या तरुणांसाठीच्या दूरचित्रवाणी मैफलींतली त्याची पहिली मैफल झाली, विषय होता संगीताचा अर्थ काय. 'विल्यम टेल'चा प्रसिद्ध शेवट वाजवून त्यानं मुलांना विचारलं, हे कशाबद्दल आहे? मुलं ओरडली, लोन रेंजर! तेव्हाच्या गाजलेल्या मालिकेचं ते शीर्षकसंगीत होतं. बर्न्स्टाइननं सांगितलं, नाही, हे घोडेस्वाराबद्दल नाही, हे सुरांबद्दल आहे. मग रिचर्ड स्ट्राउसच्या 'डॉन किहोते'चा तुकडा घेऊन त्यावर त्यानं सुपरमॅनची एक बनावट गोष्ट रचली. ती व्यवस्थित बसली. एकाच संगीतावर दोन गोष्टी बसतात, म्हणजे अर्थ गोष्टीत नाही, हा त्याचा मुद्दा.

मुद्दा बिनतोड वाटतो. आणि प्रोकोफिएव्हच्या रचनेचा तोटाही खराच आहे. कित्येक माणसांना आयुष्यभर ओबो म्हणजे बदक. बाखच्या एखाद्या कांताटात ओबो अतीव करुण गाऊ लागतो तेव्हाही त्यांच्या डोळ्यांपुढे तळं येतं. पण माझा अनुभव बर्न्स्टाइनच्या प्रयोगाशी जुळत नाही. त्या रविवारी मीही एक बनावट गोष्टच रचली होती, आणि ती बसली नाही. का? सुरांना बदक माहीत नसतं हे खरं. पण तीच धून आधी तोऱ्यात डुलत आली होती आणि आता खचून आली, हा फरक सुरांतच आहे. त्याला गोष्ट लागत नाही. माझ्या ढोलीच्या गोष्टीला त्या फरकाचं उत्तर देता आलं नाही. तेव्हा सूर कुठलीही एकच गोष्ट सांगत नाहीत, पण कुठलीही गोष्ट चालवूनही घेत नाहीत. अनुवादकाला ही जागा ओळखीची आहे. एका कवितेचे दहा अनुवाद होऊ शकतात, म्हणून अकरावा चुकीचा असू शकत नाही असं थोडंच आहे? बर्न्स्टाइनलाही हे ठाऊक असावं. १९६०मध्ये त्यानंच 'पीटर अँड द वुल्फ' ध्वनिमुद्रित केलं, आणि निवेदनही स्वतःच केलं.

गोष्टीवाचून वाद्यांची ओळख करून देण्याचा उत्तम नमुना बेंजामिन ब्रिटनचा आहे. 'द यंग पर्सन्स गाइड टु द ऑर्केस्ट्रा' ही रचना त्यानं शाळकरी मुलांसाठीच्या एका ब्रिटिश माहितीपटासाठी केली. तो १९४६मध्ये आला. हेन्री पर्सेलनं १६९५मध्ये एका नाटकासाठी रचलेली धून घ्यायची, ती आधी सगळ्यांनी मिळून, मग एकेका वाद्यकुळानं वाजवायची, मग एकेका वाद्याचं तिच्यावर तेरा तऱ्हांचं बोलणं, आणि शेवटी फ्यूग. पिकोलो एकटी सुरुवात करते, मागोमाग सगळी वाद्यं आधीच्याच क्रमानं एकेक करून येतात आणि त्या गजबजाटावर पर्सेलची धून पुन्हा उभी राहते. निवेदन आहे, पण ते वगळूनही रचना वाजवली जाते आणि तिचं काही बिघडत नाही. इथं ओबो हा ओबोच असतो. मोठ्या मुलांना मी हीच आधी ऐकवीन. मात्र त्या रविवारी मी ब्रिटन लावला असता तर मुलांनी वाद्यं ओळखली असती, मला पकडलं नसतं. खोटं बोलायला तिथं वावच नाही.

सें-साँसचं 'प्राण्यांचं कार्निव्हल' मला या कामासाठी कमी उपयोगी वाटतं, ते कितीही गोड असलं तरी. १८८६ची ही रचना त्यानं 'हंस' सोडून हयातभर छापू दिली नाही. तिच्यातले बरेच विनोद मोठ्यांचे आहेत. ऑफनबाखचा धसमुसळा कॅनकॅन कासवाच्या चालीनं वाजतो हे कळायला कॅनकॅन आधी माहीत असावा लागतो. हैदराबादच्या मुलांना नुसतं एक संथ कासव ऐकू येतं. तेही वाईट नाही.

दुसऱ्या टोकाला सुझी टेम्पलटन हिचा २००६चा बाहुलीपट. त्याला ऑस्कर मिळालं. त्यात निवेदन अजिबात नाही, आणि बराच वेळ संगीतही नाही. नुसती थंडी आणि शांतता. शेवटी तिचा पेत्या लांडग्याला सोडून देतो. हा बदल प्रोकोफिएव्हच्या विरुद्ध जातो, तरी तो मला लबाडीचा वाटत नाही. कारण बदकाच्या मरणावर तिनं पांघरूण घातलेलं नाही. बदल केला तो मरण पाहून झाल्यावर, आणि त्याची जबाबदारी पेत्यावर टाकून. मी बदल केला होता मरण पाहायला लागू नये म्हणून.

पुढच्या रविवारी मी मुलांना खरं सांगितलं. बदक लपलं नव्हतं, लांडग्यानं ते गिळलं होतं, मी बदलून सांगितलं. काही मुलं खूश झाली, जशी मोठ्यांची चोरी पकडल्यावर होतात. मग मी एक शब्दही न वाचता सगळी रचना लावली, साधारण अर्धा तास. सगळ्यांनी ऐकली असं नाही. दोन मुलगे दहा मिनिटांत उठून गॅलरीत गेले. एकानं लांडगा आला की दर वेळी उशी डोक्यावर घेतली. पण एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. शब्द नसताना मुलांना धून आणि पात्र यांतली फट दिसू लागली. शेवटच्या मिरवणुकीत पेत्याची धून एकट्या तंतुवाद्यांची राहत नाही, दणकट आवाजाची वाद्यं ती उचलतात. एका मुलानं विचारलं, हा पेत्या आहे की पेत्याचं सोंग? मला उत्तर देता आलं नाही. जिंकलेला पेत्या तोच असतो का, हा प्रश्न रचनेत आहेच. म्हणजे 'हे वाद्य म्हणजे हे पात्र' हा पाठ प्रोकोफिएव्ह देतो, आणि शेवटी स्वतःच मोडतो. बर्न्स्टाइनच्या आक्षेपाला रचनेनं दिलेलं हे दुसरं उत्तर.

त्या मुलीनं शेवटच्या ओबोपाशी नुसतं पोटावर बोट ठेवून दाखवलं. आत आहे, असं. प्रोकोफिएव्हच्या निवेदकाला त्या जागी एक वाक्य आहे. नीट कान दिला तर बदक ऐकू येईल, अशा अर्थाचं, कारण घाईत लांडग्यानं ते जिवंतच गिळलं. मूळ संहितेत तेवढं एक वाक्य थेट ऐकणाऱ्याच्या कानाशी बोलतं. बाकी सगळं काय झालं ते सांगतं, हे वाक्य काय ऐकावं ते सांगतं.

माझी संहिता आता दुरुस्त झाली आहे. ढोली काढली. गिळण्याच्या जागी एकच छोटं वाक्य आहे आणि त्यापुढे 'इथं ओबो संपेपर्यंत कुणीही काही बोलू नये' अशी वाचणाऱ्यासाठी सूचना. शेवटचं वाक्य ठेवावं की नाही हे ठरत नाही. ठेवलं तर मूळाशी इमान राहतं. काढलं तर मुलांना बदक स्वतः सापडण्याची शक्यता उरते, आणि काहींना ते सापडणारच नाही.

एका पाच वर्षांच्या मुलाच्या आईला हे सगळं अजूनही पटलेलं नाही. तो दोन रात्री लांडग्याच्या पोटाबद्दल विचारत होता, असं ती म्हणाली. मी तिला अटकेची, प्रावदाची, बर्न्स्टाइनची कुठलीच गोष्ट सांगितली नाही. तो काय विचारत होता, एवढंच विचारलं. ती म्हणाली, "आत अंधार असेल का, आणि तरी त्याला गाता कसं येतं."